छोटा चौकोन

अंगठा कापला त्याचं मला विशेष काही वाटलं नाही. वाळूजला मी ज्या कंपनीत आहे तिथं गिअर बनतात, आणि ते मापात आहेत का एवढं बघणं हे माझं काम. मापात बसला तर पुढं, नाही बसला तर मागं. इतकी वर्षं हे केल्यावर माणसाला एकदा तरी कापून घ्यायचा हक्क पोचतो. एका गिअरच्या दाताला धार राहिल्याचा मला संशय आला, मी तो बोटानं तपासला, आणि संशय बरोबर निघाला. कंपनीच्या जीपनं मला शहरातल्या दवाखान्यात आणून सोडलं. याच दवाखान्याच्या मागच्या इमारतीत नर्सिंग कॉलेज आहे आणि तिथं माझी बायको कालिंदी शिकवते. तिला कळवू का, असं ड्रायव्हरनं विचारलं. मी नको म्हणालो. तिला वर्गातून उठवायचं, तिनं येऊन ‘काय झालं?’ विचारायचं आणि मी ‘काही नाही’ म्हणायचं, एवढ्यासाठी वर्ग खोळंबवण्यात अर्थ नव्हता. शिवाय तिथं ती महाजन मॅडम आहे. सर्टिफिकेटं लग्नाआधीची, ती बदलायला कधी कुणाला सवड झाली नाही. त्यामुळं केसपेपरवर ‘अनंत धानोरकर’ वाचून कुणी उठून उभं राहिलं नाही, आणि मलाही ते बरंच वाटलं. टाके पडले, इंजेक्शन झालं, रक्तदाब जरा चढा निघाला. डॉक्टर म्हणाले, अर्धा-पाऊण तास पडून राहा, मग जा. आणि माझ्याजवळ एक शिकाऊ नर्स बसवून दिली.

तिचं नाव शैला. वैजापूरकडची असावी, कारण दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळता गुंडाळता तिनं मला पहिल्या मिनिटात काका करून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी तिची तोंडी परीक्षा होती आणि ती ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होती. माणसं देवळात पुटपुटतात तसं. मला वाटलं हाडांची नावं असतील. मी विचारलं तर म्हणाली, “नाय काका, कुटुंब. कुटुंबाच्या थिअऱ्या हायेत. लई अवघड.” कुटुंबाला थिअरी असते हे मला ऐकून माहीत होतं. कालिंदीच्या पुस्तकांच्या कडा मी रोज बघतो. पण नवऱ्यानं बायकोची पुस्तकं उघडायची आमच्या घरात पद्धत नाही, जशी तिनं माझी मापाच्या गेजची पेटी उघडायची नाही. शैलाच्या सांगण्यावरून असं दिसलं की कुटुंब म्हणजे बाज. एक दोरी ताणली की लांबच्या कोपऱ्यातली वीणसुद्धा ताणते. पेशंट एकटा आजारी नसतो, बाजच आजारी असते, तो फक्त दोरी तुटली तिथं झोपलेला असतो. मॅडमच असं म्हणतात. मला गंमत वाटली. ही बाज मी ओळखत होतो, आमच्या गावाकडच्या घरातली, पायथ्याशी सैल. मग ती म्हणाली, कागदावर काढताना पुरुषाचा चौकोन काढायचा आणि बाईचा गोल, पटत असलं तर सरळ रेघ, पटत नसलं तर नागमोडी. मी म्हणालो, चौकोन मापायला सोपा असतो. ती हसली आणि तिनं सहज विचारलं, काका, गाव कोणतं तुमचं?

“लासूर स्टेशन,” मी म्हणालो.

“अगं बया. आमच्या मॅडम वर्गात शिकवतात ते कुटुंब लासूरचंच हाये.”

पट्टा दंडावर होता आणि ती हवा भरत होती. त्या क्षणी पारा किती चढला ते तिलाच माहीत. मला फक्त दंड आवळल्याचं जाणवलं. मी म्हणालो, सांग की, तेवढीच तुझी उजळणी होईल. माझा आवाज नेहमीसारखा होता. माझा आवाज नेहमी नेहमीसारखाच असतो, हे पुढं तिच्याच गोष्टीत एक लक्षण म्हणून येणार होतं. तिनं बोटानं चादरीवर एक मोठा चौकोन काढला, त्याच्या शेजारी एक गोल, मध्ये नागमोडी रेघ, आणि खाली एक लहान चौकोन. म्हणाली, हा बाप, ही आई, आणि हा आमचा छोटा चौकोन. आमचा म्हणजे कसा, मी विचारलं. म्हणाली, होस्टेलवर सगळ्याजणी त्याला तसंच म्हणतात. कुणी तोंडावर बोलायचं टाळून दुसरीकडून निरोप धाडला की म्हणायचं, झाली का गं तू पण छोटा चौकोन.

आमच्या आप्पांना निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकायला मिळालं होतं, आणि पोलीस ॲक्शननंतर राज्य गेलं तरी त्यांची भाषा गेली नाही. अडतीच्या दुकानात ते मुनीम होते, पण बोलायचे तहसीलदारासारखं. मी पोलीस ॲक्शनच्या सालचा. मी आठ-नऊ वर्षांचा असताना आईचा भाऊ तिला भेटायला आला. दुपारच्या गाडीनं उतरून, धूळ झटकत ओसरीवर बसला. आप्पांनी त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाले, “जेवूनच आला असशील.” मामा म्हणाला, व्हय. आणि परतीच्या गाडीनं उपाशी गेला. आत आईनं त्याच्यासाठी चुलीवर तवा ठेवला होता. तिनं तो उतरवला आणि त्या दिवसापासून आप्पांशी बोलणं बंद केलं. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर संपलं असतं. आमच्या घरात स्वयंपाकघर आणि ओसरी यांच्यामध्ये न्हाणीघराचा एक अंधारा बोळ होता, कायम ओला, वखारीतल्या पोत्यांचा आणि साबणाचा वास एकत्र येणारा. त्या दिवसापासून त्या बोळातून मी जाऊ-येऊ लागलो. आई म्हणायची, “त्यांना सांग, भाकरी झाल्यात. गिळायच्या तर गिळा.” आप्पा म्हणायचे, “तिला इत्तला दे, भाजीत मीठ बेहिसाब आहे.” दोघं एकमेकांना सहज ऐकू येत होते. बोळ तेवढा लांब नव्हता. पण ऐकू येणं आणि सांगितलं जाणं यात आमच्याकडं फरक होता, आणि तो फरक म्हणजे मी.

निरोप मी बोळात बदलायचो. आधी थोडाच. ‘गिळा’च्या जागी ‘या’. मिठाच्या आधी ‘भाजी चांगली झालीय, पण’. मग हात बसला. एकदा उन्हाळ्यात आप्पा दुकानातून आले, कोट घामानं पाठीला चिकटलेला, आणि आईनं काहीच निरोप दिला नव्हता. ती पाठमोरी बसून लसूण सोलत होती. मी बोळातून रिकामा बाहेर आलो आणि म्हणालो, “आई म्हणते, उन्हातून आलात, आधी पाणी घ्या.” अख्खं वाक्य माझं. आप्पांचा एक जोडा पायात होता, एक हातात. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग बोळाकडं, मग तांब्या घेतला आणि सगळा संपवला. म्हणाले, “बरं.” तो ‘बरं’ मी आत नेईपर्यंत ‘आप्पा म्हणाले, बरं वाटलं’ झाला होता. आईनं मान वर केली नाही, पण सोललेल्या पाकळ्या तिनं ताटलीच्या एका बाजूला सारल्या, आणि का कुणास ठाऊक, मला ते उत्तर वाटलं. पुढं कित्येक वर्षं मी ते घर चालवलं. मी हे कुणाला सांगितलं नाही. पुढं शिकायला शहरात आलो आणि एका दिवाळीला घरी गेलो तर दोघं ओसरीवर बसून बाजरीच्या भावावर बोलत होते, सरळ, एकमेकांकडं बघत. मी पिशवी घेऊन उंबऱ्यात उभा राहिलो. मला वाटलं, हे मी केलं. नंतर नोकरी केली, गिअर मोजले, हडकोत घर झालं, ते सगळं कुणीही करतं. हे एक माझं होतं.

ते मी जन्मात एकाच माणसाला सांगितलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पाणचक्कीच्या हौदाच्या कठड्यावर बसलो होतो, खाली मासे तोंड वर काढून कुरमुऱ्यांची वाट बघत होते, आणि कालिंदीनं तिच्या घरचं काहीतरी सांगितलं होतं म्हणून परतफेड केल्यासारखं मी माझं सांगितलं. पुडीतले उरलेले कुरमुरे तिनं सगळे एकदम पाण्यात टाकले. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो, तर दार उघडून हातात पेला घेऊन ती उभी. “उन्हातून आलात, आधी पाणी घ्या.” मी दारातच उभा राहिलो. मला रडू आलं असतं, पण शेजारी पायरीवर कुणीतरी तांदूळ निवडत होतं. तेव्हापासून ती ते वाक्य म्हणत आलीय. पावसाळ्यातही. मी तिसऱ्या पाळीहून पहाटे आलो तरी. माझ्या ओळखीतल्या माणसांना लग्नानं काय काय दिलं ते ती सांगतात, कुणाला फ्लॅट, कुणाला सासऱ्याची ओळख. मला हे वाक्य मिळालं, असं मी मनात मोजत असे.

शैला सांगत होती आणि मी ऐकत होतो, की दोघांमधला ताण दोघांना सोसत नाही तेव्हा ती तिसऱ्याला ओढून घेतात आणि त्रिकोण करतात. बहुतेक वेळा तिसरं लेकरू असतं, कारण ते जवळ असतं आणि नाही म्हणत नाही. असं लेकरू मोठं झालं की त्याला स्वतःचं म्हणून काही सरळ सांगता येत नाही. त्याला भूक लागली तर ते म्हणतं, ‘वेळ झाली वाटतं.’ राग आला तर म्हणतं, ‘पंखा जोरात लावा.’ हे म्हणताना तिनं माझा आवाज काढला. म्हणजे तिच्या समजुतीप्रमाणं छोट्या चौकोनाचा आवाज काढला, जो तिनं मॅडमकडून घेतला होता, आणि मॅडमनी माझ्याकडून. हुबेहूब होता. एक हात नकळत कानामागं नेऊन ती म्हणाली, “बघू, नंतर,” आणि मी माझा कानामागचा हात खाली घेतला. वर्गात लई हसतात का, मी विचारलं. म्हणाली, “लई. पण शेवटाला नाय हसत कुणी.”

शेवट मला माहीत होता. बाजरीचा भाव, ओसरी, उंबरा. मी म्हणालो, मग पोरानं जुळवलं म्हणायचं दोघांचं.

“नाय काका. तितंच तर चुकतात सगळे. परीक्षेत बी हेच विचारतात,” ती म्हणाली, आणि चादरीवरचा छोटा चौकोन बोटानं परत गिरवला. “दोघांला ठाऊक होतं. पयल्या दिवसापासून. म्हातारी मरायच्या आदी सांगून गेली की मॅडमला. मॅडमचीच पेशंट होती ती. म्हणली, मी जल्मात नवऱ्याला पाणी घ्या म्हणले नाय, त्यांला नाय का कळणार कुणाचं बोलणं हाये ते? त्यांला बी कळलं, मला बी कळलं. पोरगं करतंय तर आपण कशाला वाकायचं?”

मी छताकडं बघत होतो. पंखा होता. तो जोरात लावा असं मी म्हणालो नाही.

आई शेवटचे महिने आमच्याकडंच होती, हडकोतल्या मागच्या खोलीत. कालिंदीनं तिचं सगळं केलं, वळवणं, पुसणं, भरवणं, आणि मी दारात उभा राहून कालिंदीला विचारायचो, आईला काय हवं का विचार. आता आठवतं, कधी कधी दोघींचं बोलणं मी आलो की थांबायचं. मला वाटायचं बायकांचं काही असेल. आई मला त्या महिन्यांत पुष्कळ बोलली, गंगथडीच्या ज्वारीबद्दल, गुलमंडीवरून आणलेल्या लुगड्याचा रंग गेल्याबद्दल, पण त्या बोळाबद्दल नाही. एकदा मात्र माझ्याकडं बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “अनंता, लई पळवलं रे तुला.” मला वाटलं औषधांसाठी पळालो ते म्हणतेय. मी म्हणालो, त्यात काय. म्हणजे तिनं सांगितलं होतं, आणि मी घेतलं नव्हतं. निरोप पोचवण्यात ज्याची हयात गेली त्याला स्वतःच्या नावचा निरोप ओळखता आला नाही. आणि आप्पा, हातात जोडा धरून माझ्याकडं, मग बोळाकडं बघणारे आप्पा. ती नजर मी जन्मभर विरघळलेल्या माणसाची नजर म्हणून जपून ठेवली. आता तीच नजर परत काढून बघितली तर त्यात थोडी करमणूक होती. मी त्यांना फसवत होतो असं मला वाटायचं, आणि ते मला फसवू देत होते. ओल्या बोळात एक पोर घामाघूम होऊन शब्द जुळवतंय, आणि दोन्ही टोकांना दोन मोठी माणसं निवांत बसून वाट बघतायत, आज काय आणतोय बघू.

शैलाला वाटलं मला झोप लागली. मी डोळे उघडे ठेवूनच विचारलं, याच्यावर औषध काय असतं. तिचा चेहरा खुलला, कारण हा शेवटचा प्रश्न होता आणि तो तिला येत होता. औषध नसतं, म्हणाली, नर्सनं उपाय करायचा. त्या लेकरानं जे वाक्य खोटंखोटं तयार केलं होतं, ते त्याला कुणीतरी खरंखरं म्हणून दाखवायचं. रोज. न चुकता. मोठा झाला असला तरी. घरातल्याच माणसानं म्हटलं तर उत्तम. मग त्याला हळूहळू सरळ बोलायचा धीर येतो. मी विचारलं, या माणसाला आला का? ती जरा आठवून म्हणाली, “मॅडम म्हणतात, केस अजून चालू हाये.”

पट्टा तिनं सोडला, वहीत आकडा लिहिला, म्हणाली, काका, खाली आलं बघा, पडून राहिल्यानं कमी होतं. उद्याच्या परीक्षेत हेच विचारलं तर तिचे मार्क पक्के आहेत, असं मी म्हणालो. ते मनापासून होतं. तिनं एक अक्षर चुकवलं नव्हतं.

घरी येताना रिक्षावाल्याला मी गुलमंडीवरून घे म्हणालो. ते वाटेवर नव्हतं. गर्दीत रिक्षा अडकली. कापडाच्या दुकानात एक बाई लुगड्याचा पदर उन्हाला धरून बघत होती आणि तिचा नवरा फूटपाथवर उभा राहून दुकानदाराला सांगत होता, त्यांना विचारा, आवडला का. दुकानदार विचारत होता. ती दुकानदाराला सांगत होती. सगळं सुरळीत चाललं होतं. मी हिशेब लावायचा प्रयत्न केला, की कालिंदीनं ते वाक्य पहिल्यांदा म्हटलं तेव्हा ती शिकवत होती का. नव्हती. तिचा कोर्स नुकताच संपला होता. मग ते पहिलं तरी खरं धरायला हरकत नव्हती. पण कोर्स संपला होता म्हणजे शिकून झालं होतं. मग दुसरं? शंभरावं? ताप आलेला असताना म्हटलेलं, आमचं तीन दिवस वाजलेलं असताना म्हटलेलं? माझ्याकडं गेज आहेत, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाला पकडणारे. गिअर आत गेला तर बरोबर, नाही गेला तर नाही. या वाक्याला लावायला मात्र काही नव्हतं. शब्द तेच, आवाज तोच, पेला तोच. माल सगळा एका मापाचा होता, आणि मला मागं काय पाठवायचं ते कळत नव्हतं.

दार कालिंदीनंच उघडलं. साडी कॉलेजचीच होती, म्हणजे नुकतीच आली होती. तिनं अंगठा बघितला आणि मग माझा चेहरा, आणि तिला कळलं. कुणी कळवलं होतं की नुसत्या बघण्यावरून, ते मी विचारलं नाही. चेहरे वाचायचा तिला पगार मिळतो. मी बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीवर बसलो आणि जोडे काढले नाहीत.

“लासूरचं कुटुंब चांगलं शिकवतेस म्हणे,” मी म्हणालो.

ती भिंतीला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, नावं सगळी बदलली होती. मी म्हणालो, गाव ठेवलंस. म्हणाली, मामा ज्या दिवशी आला त्याच दिवशी परतीच्या गाडीनं उपाशी जायला हवा होता. स्टेशनाशिवाय गोष्ट उभी राहत नव्हती. हे तिनं इतकं सरळ सांगितलं की मला क्षणभर तिच्या अडचणीबद्दल सहानुभूती वाटली. मग मी विचारलं, आईनं तुला सांगितलं ते मला का नाही सांगितलंस. वर्गभर पोरींना दरवर्षी सांगतेस.

“त्यांना ते परीक्षेपुरतं लागतं,” कालिंदी म्हणाली. “तुम्हाला सांगितलं असतं तर तुमच्याजवळ काय उरलं असतं?”

न सांगण्यात प्रेम होतं असं म्हणता येईल, कुणीही तिऱ्हाईत म्हणेल. पण हेच आई-आप्पांनीही केलं होतं. पोराला वाटतंय तर वाटू द्या. तिघांनी मिळून मला माझ्या एकुलत्या पराक्रमात सांभाळून ठेवलं, जसं वेड्याला त्याच्या राजेपणात ठेवतात, आणि त्यातल्या एकीनं त्याचा तास घेतला. मला तिला विचारायचं होतं, पेल्याबद्दल. ‘ते रोजचं’ एवढं मी म्हणालो आणि हात कानामागं गेला. तिनं तो हात बघितला. मी तो बघताना तिला बघितलं. आणि मग वाक्य पुरं करण्यात काही राहिलं नाही. ती रडेल असं मला वाटलं, पण तिनं तोंड उघडून पुन्हा मिटलं. काहीही बोलली असती तरी ते खरं की उपाय, हा प्रश्न पडला असता, आणि हे माझ्याआधी तिच्या लक्षात आलं होतं. तिचं शिक्षण चांगलं झालेलं आहे.

ती आत गेली. माठावरचं झाकण वाजलं, पाण्याचा आवाज आला. पेला घेऊन ती बाहेर आली आणि माझ्यासमोर स्टुलावर ठेवून उभी राहिली. आज पहिल्यांदाच नुसता पेला. मी वाट बघितली. मला ते वाक्य हवं होतं, ते कुठून आलं हे कळल्यावरही, आणि तिला ते म्हणता येत नव्हतं, तेही कळल्यामुळंच. घरात तिसरं कुणी नव्हतं. मुलगा पुण्याला, मागची खोली रिकामी. दोघं दोन टोकांना आणि मध्ये कुणीच नाही, असं आमच्याकडं कधी झालं नव्हतं. पेल्याबाहेर पाण्याचे थेंब जमले.

मग तिच्या वतीनं मीच म्हणालो, “ती म्हणते, उन्हातून आलात, आधी पाणी घ्या.”

आणि घेतलं नाही.